डोहकरणीचे हात

४ फेब्रुवारी

ती. स्व. आत्यास,

सा. न. वि. वि. विनंती अशी की हे पत्र उजेडात बसून, पाठ भिंतीला टेकवून वाच. विशेष म्हणजे मी हसत हसत लिहितेय खरी, पण काल रात्री दिवा चालू ठेवूनच झोपले.

आधी तुझ्या कानांची चौकशी. डॉक्टर काय म्हणाले? पोहायला शिकवताना तलावाकाठी चाळीस वर्षं शिट्ट्या मारून घेतल्यास, आता कानांनी संप केला तर तक्रार कुणाकडे करणार? तुला फोनवर ऐकू येत नाही, हे एका दृष्टीने बरंच झालं. नाहीतर ही सगळी गोष्ट मी धापा टाकत सांगितली असती आणि तुला निम्मी कळली असती.

गेल्या महिन्यात एका बंद पडलेल्या थिएटरच्या कोठीतून आमच्या संग्रहालयात पत्र्याचे अकरा डबे आले. माझं काम तुला माहीत आहे. रिळं उलगडायची, फाटलेल्या कडा सांधायच्या, बुरशी पुसायची आणि शिंकायचं. पाच डब्यांत एक आख्खा चित्रपट निघाला, कृष्णधवल. ‘डोहकरीण’. शेहेचाळीस वर्षांपूर्वीचा. आमच्यापैकी कुणीच पाहिलेला नव्हता. परवा दुपारच्या सुट्टीत आम्ही चौघांनी जेवणाचे डबे हातात घेऊन तो लावला. सुट्टी संपली, डबे तसेच राहिले.

आत्या, काय सांगू! एक मोजणीदार तळ्याची खोली मोजायला येतो. दोरीच्या टोकाला शिसं, हातहातभर अंतरावर फडकी बांधलेली. पहिल्या दिवशी दोरी तळाला टेकत नाही. दुसऱ्या दिवशी दुप्पट दोरी, तरी टेकत नाही. तिसऱ्या दिवशी वर ओढतात तर शिसं गायब आणि त्या जागी एक गाठ. साधी, नीट, कुणीतरी निवांत बसून मारलेली गाठ. म्हातारा नावाडी ती सोडवायला जातो, त्याला सुटत नाही, मग तो पाण्याकडे पाठ करून बसतो. बस्स, एवढंच! संगीतसुद्धा नाही. माझ्या तळहातांना घाम फुटला.

काठावरची माणसं म्हणत असतात की तळ्याच्या तळाशी राहणारी डोहकरीण कुणाला ओढून नेत नाही. ती खाली वाट बघते, माणूस आपणहून वाकतो. आणि चित्रपटही अगदी तसाच वागतो आपल्याशी. एक तास बारा मिनिटं डोहकरीण दिसतच नाही. मोजणीदाराच्या खोलीत झाडलोटीला एक बाई, फरशीवर ओला डाग. बाई पुसते. पुन्हा डाग, या वेळी पलंगाच्या जरा जवळ. बाई पुन्हा पुसते. तिसऱ्यांदा आपण बाईकडे बघतच नाही, पलंगाखाली बघतो. हल्ली पाचव्या मिनिटाला भूत अंगावर सोडतात, इथे दिग्दर्शक आपल्यालाच भूत शोधायला लावतो.

शेवटी ती दिसते ती पाण्याखाली, लोखंडी जाळीतून निसटून वर येताना. खवले, गालफडांवर कल्ले, काचेचे डोळे. ते बघून हसू यायला हवं होतं. पण तिचे हात! ती तडफडत नाही, ओरडत नाही. हात दोन्ही बाजूंना पसरते आणि तळवे खाली दाबते, पुन्हा दाबते, शिडी नसताना शिडी चढावी तसे. डोकं मागे टाकलेलं. मग ती वळते, थेट आपल्यासमोर येते आणि बघत राहते. अडतीस सेकंद. आमच्या कार्यालयातला जाडजूड हिशेबनीस उठून बाहेर गेला आणि नळावर तोंड धुऊन आला.

पुढच्या महिन्यात आमचा जुन्या चित्रपटांचा आठवडा आहे, त्यात हा दाखवायचं ठरलंय आणि परिचयपत्रक मी लिहितेय. त्यात मी लिहिलंय, ‘इतका अस्सल अभिनय मी पडद्यावर क्वचितच पाहिला आहे.’ पण अभिनय कुणाचा? श्रेयनामावलीत डोहकरणीपुढे नुसतं प्रश्नचिन्ह. आमच्या मते कुणीतरी पहिलवान असावा. बाबा तरुणपणी काही दिवस स्टुडिओत कॅमेऱ्यावर होते म्हणून त्यांना फोन केला, तर नाव ऐकल्याबरोबर दुकानात गिऱ्हाईक आलंय म्हणून ठेवून दिला. पासपोर्टचा फोटो काढायला इतकी घाई असलेलं गिऱ्हाईक मी तरी पाहिलेलं नाही.

बाबांबद्दल तुला लिहायचं नाही हा आपला जुना करार. एका ओळीपुरता मोडला, माफ कर.

पत्राची वाट बघतेय. लोभ आहेच, वाढवायला जागा उरली असेल तर वाढव.

तुझी,
मुंगी


११ फेब्रुवारी

चि. मुंगीस,

अ. उ. आ. पत्र मिळालं. कानांचं म्हणशील तर डाव्याने रजा घेतली आहे, उजवा अर्धा दिवस येतो. तलावाच्या फरश्या बदलल्या. माझ्या पन्नाशीच्या पुढच्या बायकांच्या वर्गात दोघी नव्या आल्या आहेत. एकीला पाण्याची इतकी भीती की पहिले चार दिवस ती काठावर पाय सोडून नुसती गप्पा मारत होती. काल कमरेपर्यंत उतरली.

हे सगळं मी मुद्दाम आधी लिहितेय. पुढचं एका दमात लिहून टाकते.

तू हातांचं केलेलं वर्णन मी तीनदा वाचलं. नव्या शिक्षकांना पहिल्या दिवशी मी नेमकं हेच शिकवते, जवळजवळ तुझ्याच शब्दांत. बुडणारा माणूस हाका मारत नाही. हात हलवून बोलावत नाही. तो तळवे खाली दाबतो, शिडी चढल्यासारखा. डोकं मागे पडतं. आवाज नसतो. अर्धा-एक मिनिट, की गेला.

मुंगे, तो अभिनय नाही. आणि तो पहिलवानही नाही. ती मी आहे.

मी तेवीस वर्षांची होते. पोहण्याच्या शर्यतींत माझं बरं नाव होतं. स्टुडिओला पाण्याखाली दम धरणारं कुणीतरी हवं होतं. पोषाख रबराचा, आत स्पंज, पाठीवर साखळी, ती दुसऱ्याने लावायची आणि दुसऱ्यानेच उघडायची. कोरडा असतानाच तो जड होता, पाणी प्यायला की मी माझी राहत नसे. स्टुडिओच्या मागच्या अंगणात लोखंडी टाकी होती, दोन पुरुष खोल, एका बाजूला जाड काच. काचेबाहेर कॅमेरा. आत एक पाणबुड्या हवेची नळी घेऊन कोपऱ्यात थांबायचा. मी खूण केली की येऊन नळी माझ्या तोंडाला लावायचा. तीन आठवडे सगळं सुरळीत चाललं. मला तर मजा येत होती.

शेवटच्या दिवशी पाणबुड्याची सावली चित्रात येते म्हणून दिग्दर्शकाने त्याला बाहेर काढलं. एकच मिनिटाचा प्रश्न आहे, म्हणाला. मीही मान डोलावली. तेवीस वर्षांच्या माणसाला एक मिनिट म्हणजे काय वाटतं!

जाळीचा तुकडा पायात अडकला. तो सोडवला, पण त्यात दम संपला. वर यायला गेले तर पोषाख येऊ देईना. पाण्याची वरची कड डोक्यापासून वीतभर असेल. वीतभर! मग मी काचेकडे वळले, कारण काचेपलीकडे माझ्या ओळखीचं माणूस होतं. त्याने मला पाहिलं. मुखवट्याच्या आतून मला तो स्पष्ट दिसत होता. त्याने हात वर केला, अंगठा आणि तर्जनीचं कडं केलं आणि मला खूण केली, झकास, चालू दे.

पुढचं मला आठवत नाही. शुद्ध आली तेव्हा मी दवाखान्यात होते. स्टुडिओतल्या वीजवाल्याने वर काढलं, असं कुणीतरी सांगितलं. घरी कळवलं की उन्हाने चक्कर आली. मी तो चित्रपट कधीच पाहिला नाही. ते दृश्य त्यांनी ठेवलं असेल असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं.

कॅमेऱ्यामागे कोण होतं ते तुझ्या वडिलांना विचार. करार आता मीच मोडलाय.

तुझ्यावरच्या मायेत काडीचा फरक नाही, तो होणारही नाही.

तुझी आत्या


१६ फेब्रुवारी

ती. बाबांस,

सा. न. तुमची तब्येत, दुकान, गुडघा, सगळं विचारायचं आहे, पण आज माझ्याने होत नाही. आत्याचं पत्र सोबत जोडलंय. तुम्हाला विचार, असं तिनेच त्यात लिहिलंय.

ते वाचल्यापासून मी कामावर जाते, रिळं उलगडते आणि काय केलं ते मला आठवत नाही. लहानपणापासून मी ऐकत आले की तुमच्यात आणि आत्यात काहीतरी जुना गैरसमज आहे, मुलांनी त्यात पडू नये. गैरसमज! दर वाढदिवसाला तिचं पत्र यायचं, त्यात आईला नमस्कार, मला आशीर्वाद आणि तुमचं नाव नाही. तुम्ही ते पाकीट हातात घ्यायचात, उलटंपालटं करून बघायचात आणि न उघडता माझ्याकडे द्यायचात. मला वाटायचं, रागावला आहात.

बाबा, ते दृश्य मी सात वेळा पाहिलं. दर वेळी वाहवा केली. आमच्या कार्यालयात सगळ्यांना बोलावून दाखवलं. माझी सख्खी आत्या जीव जाताना माझ्याकडे बघत होती आणि मी पत्रकात ‘अस्सल अभिनय’ लिहीत होते. मला स्वतःचीच किळस आली आहे.

आत्या म्हणते तो माणूस तुम्हीच का? तुम्ही खरंच तशी खूण केलीत का? फोन करू नका. तुम्ही फोनवर गिऱ्हाईक आल्याचं सांगाल. लिहा.

मुंगी


२२ फेब्रुवारी

चि. मुंगीस,

अनेक आशीर्वाद. ते स्वीकारायचे की नाहीत, हे पुढचं वाचून ठरव.

हो, मीच.

चार दिवस लिहायला बसतोय. दुकान बंद ठेवलंय. काल शेजारच्या शिंप्याने येऊन विचारलं की कुणी आजारी आहे का. मी म्हटलं, आहे.

मी एकवीस वर्षांचा होतो. कॅमेरामनच्या हाताखाली दुसरा. त्या दिवशी त्याला ताप होता म्हणून कॅमेरा पहिल्यांदा माझ्या एकट्याच्या हातात आला. ताईचं नाव स्टुडिओत सुचवणाराही मीच. घरी सांगताना किती ऐट केली होती मी, माझी बहीण आणि मी एकाच चित्रपटात!

मुखवटा होता, मुंगे. त्याचा चेहरा बदलत नाही. मला भिंगातून फक्त हात दिसत होते. तीन आठवडे ती पाण्यात सुंदर काम करत होती आणि त्या दिवशी जे करत होती ते तर मी कधी पाहिलंच नव्हतं. माझ्या अंगावर शहारा आला. मला वाटलं, ताई काय करतेय हे! मला अभिमान वाटला. दिग्दर्शक मागे उभा राहून पुटपुटत होता, थांबवू नका, थांबवू नका. ती काचेपाशी आली तेव्हा मला वाटलं, कसं झालं ते विचारतेय. म्हणून मी खूण केली.

एवढंच. यात मी काही कमी केलेलं नाही आणि कमी करता येण्यासारखं काही नाही. त्यानंतर मला कळलं. त्यानंतर जे केलं ते उशिरा केलं, त्याचा पाढा वाचण्यात अर्थ नाही.

दवाखान्यात गेलो तेव्हा तिने भिंतीकडे तोंड केलं. तीन पत्रं पाठवली, तिन्ही न उघडता परत आली. चौथं लिहिलं नाही. तिने पाहिलं ते खरं होतं. खऱ्याला मी काय उत्तर देणार होतो? स्टुडिओ सोडला. तेव्हापासून मी फक्त खुर्चीवर स्थिर बसलेल्या माणसांचे फोटो काढतो. तरीही बटण दाबायच्या आधी मी प्रत्येकाला विचारतो, ठीक आहात ना? लोक हसतात. मी विचारतो.

तू स्वतःची किळस करू नकोस. तुला माहीत नव्हतं. मलाही माहीत नव्हतं, पण मी काचेला लागून उभा होतो. त्यात फरक आहे.

माझ्या वतीने तिच्याकडे रदबदली करू नकोस. एवढं एक माझं ऐक.

तुझे,
बाबा


५ मार्च

ती. स्व. आत्यास,

सा. न. वि. वि. बाबांचं पत्र सोबत आहे. त्यांनी रदबदली करू नकोस म्हणून बजावलंय आणि मी करत नाही. मी फक्त माझं काम सांगतेय.

अकरा डब्यांपैकी पाचांत चित्रपट होता. उरलेल्या सहांत कापून टाकलेले तुकडे, आम्ही ते नंतर बघू म्हणून बाजूला ठेवले होते. फिल्मच्या काठावर ओळीने आकडे छापलेले असतात. एखादं दृश्य कुठे कापलं आणि उरलेला तुकडा कुठला, ते त्या आकड्यांवरून जुळवता येतं. बाबांच्या पत्रातलं ‘त्यानंतर जे केलं’ माझ्या डोक्यातून जाईना. अडतीस सेकंदांनंतर कात्री लागली होती. पुढचा आकडा शोधत मी नऊ दिवस ते डबे उपसले. आज सकाळी नवव्या डब्यात सापडला.

कॅमेरा विजेवर चालणारा होता. त्यामुळे त्याच्यामागे कुणी असो नसो, तो फिरत राहिला.

मी हाताने फिरवायच्या यंत्रावर, एकेक चौकट करून पाहिलं. जसं दिसलं तसं लिहिते. आधी चित्राला जोराचा धक्का बसतो आणि ते एका बाजूला कलतं, कुणाचा तरी खांदा कॅमेऱ्याला लागल्यासारखं. नंतर कितीतरी वेळ नुसती तू. तुझे हात मंदावतात. शेवटी एकच हात हलतो. मग तोही थांबतो आणि तू चित्राच्या खाली सरकायला लागतेस. आत्या, मी इथे यंत्र सोडून खिडकीपाशी जाऊन आले.

मग वरून फेसाचा लोट येतो आणि त्यातून एक बूट. नाडी बांधलेला, चकचकीत. मग दुसरा. सदरा, विजार, छातीवरून उलटा तरंगणारा टाय. त्याने सूर मारलेला नाही, तो पडल्यासारखा खाली येतो. एका हाताने मुखवट्याचा तुरा पकडतो, दुसऱ्याने तुझ्या पाठीवर काहीतरी ओढत राहतो. निघत नाही. तो खाली जाऊन तुला वर ढकलतो. तुझं डोकं चित्राबाहेर, म्हणजे पाण्याबाहेर जातं. मग त्याचा चेहरा काचेकडे वळतो. तो बाबांचा चेहरा आहे. एकवीस वर्षांचा, डोळे सताड उघडे.

आणि त्यानंतर तोही मोकळ्या हाताचा तळवा खाली दाबायला लागतो. शिडी चढल्यासारखा. तू मला ते ओळखायला शिकवलं नसतंस तर मला कळलं नसतं. त्याचं डोकं मागे पडतं. पण दुसऱ्या हाताने तो तुला खालून वर धरून आहे, सोडत नाही.

शेवटी पाण्यात एक दोर पडतो आणि त्यावरून एक धिप्पाड माणूस उतरतो, तो तुझा वीजवाला असावा. तिथे फिल्म संपते. एकूण बावन्न सेकंद.

चित्रपट कार्यक्रमातून काढावा, असं मी साहेबांना सांगणार आहे. ते नाही म्हणाले तर पत्रकावर माझं नाव राहणार नाही. पण निर्णय तुझा. तू म्हणशील तसं.

तुझीच,
मुंगी


९ मार्च

मुंगे,

आशीर्वाद. कार्ड लहान आहे, म्हणून मुद्द्याचं.

काढू नकोस. दाखव. पण पत्रकात ‘अभिनय’ खोडून काय झालं ते सरळ छाप, माझ्या नावासकट. आणि सुरू होण्याआधी तू उभी राहून ते मोठ्याने वाच, म्हणजे ज्याला उठून जायचं असेल त्याला जाता येईल.

तो बावन्न सेकंदांचा तुकडा लोकांना दाखवायचा नाही. तो मला दाखव. एकटीला. कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी दुपारच्या गाडीने येते. स्टेशनवर यायची गरज नाही, मला अजून चालता येतं.

आत्या


२७ मार्च

चि. धाकट्यास,

अनेक आशीर्वाद. शेहेचाळीस वर्षांचे साठले आहेत, पुरवून वापर.

तुझ्या लेकीच्या टेबलाशी बसून हे लिहितेय. ती शेजारच्या खोलीत कुणाला तरी सांगतेय की आत्या पत्र लिहितेय, दार वाजवू नका. अर्धा दिवस येणारा कान आज नेमका कामावर आहे.

परवा तिने मला तो तुकडा दाखवला. मी तिला म्हटलं, बुटांपाशी थांब. ती थांबली. मी किती वेळ त्या बुटांकडे बघत होते, मला सांगता येणार नाही. ती बिचारी मला पाणी देत होती आणि मला पाणी नको होतं.

वेड्या, तुला पोहता येत नव्हतं.

घरात हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक होतं? गुडघाभर पाण्यात तू माझ्या कमरेला मिठी मारून किंचाळायचास. मी तुझा नाद सोडला होता. तो तू चौदा पायऱ्यांची ती लोखंडी शिडी चढलास आणि दोन पुरुष खोल पाण्यात, बुटांसकट! हे मला कुणी का सांगितलं नाही? तू का सांगितलं नाहीस? तीन पत्रं परत पाठवली ती मी, हे मला मान्य आहे. त्यांत काय होतं ते मला आता कधीच कळणार नाही, त्याची शिक्षा मी भोगेन. पण चौथं का नाही लिहिलंस? मी इतकी वर्षं वीजवाल्याला मनातल्या मनात दुवा देत होते, आणि त्याने तर आपल्या दोघांना वर काढलं!

काल दुपारी चित्रपट पाहिला. सभागृह भरलं होतं. मुंगीने आधी उभं राहून सगळं वाचलं. कुणी उठून गेलं नाही. मग दिवे गेले.

धाकट्या, मी घाबरले. लाज सोडून सांगते, मी घाबरले. ती दोरीची गाठ बघून मी पाय वर खुर्चीत घेतले. ओल्या डागाला शेजारच्या अनोळखी बाईने माझं मनगट धरलं, आणि डोहकरीण कोण आहे हे ठाऊक असूनही मी पलंगाखाली बघत होते. मला वाटलं होतं की काहीतरी टुकार निघेल आणि मला त्याचा तिरस्कार करता येईल. तेही जमलं नाही. फार चांगला चित्रपट आहे तो. ज्या माणसाने मला एका मिनिटासाठी टाकीत सोडलं त्याने तो केलाय, आणि तो चांगला आहे. हे दोन्ही एकत्र कसं पचवायचं, मला कळत नाही. तुला कळलं तर सांग.

माझे अडतीस सेकंद आले तेव्हा मी पडद्याकडे पाहिलं नाही. मी मान वळवून लोकांकडे पाहिलं. काय झालं होतं हे प्रत्येकाला माहीत होतं, तासाभरापूर्वीच वाचून दाखवलं होतं. तरी तीनशे माणसं खुर्चीत खिळलेली. शेजारच्या बाईच्या चेहऱ्यावर भीती होती आणि त्याच चेहऱ्यावर कौतुकही होतं. मी त्या चेहऱ्याकडे बघत राहिले. काचेपलीकडे माझ्याकडे पाहताना तूही असाच दिसत होतास.

दिवे लागल्यावर मुंगीने माझ्याकडे बोट दाखवलं आणि सगळं सभागृह उभं राहिलं. टाळ्या पडायला लागल्या. मला काय करावं सुचेना, मी पोहण्याच्या वर्गात करते तसा हात वर करून थांबवल्या. त्या बाईने विचारलं की कॅमेऱ्यावर कोण होतं. मी म्हटलं, माझा भाऊ. तो मला काढायला पाण्यात उतरला होता. तिने विचारलं, तो पट्टीचा पोहणारा होता का? मी मान हलवून नाही म्हटलं. ती बाई मग बराच वेळ माझ्याजवळ बसून राहिली.

तू खूण केलीस हे खरं आहे. ते कडं मी मरेपर्यंत विसरणार नाही, आणि विसरले असं तुला बरं वाटावं म्हणून खोटं लिहिणार नाही. तू उतरलास हेही खरं आहे. पहिलं मला शेहेचाळीस वर्षांपासून माहीत आहे, दुसरं परवापासून. त्यामुळे दुसऱ्याला जरा वेळ दे.

रविवारी सकाळच्या गाडीने मी तुझ्याकडे निघतेय. मुंगीलाही आणतेय, म्हणजे आपल्याला बोलायला सुचलं नाही तर ती बोलेल. दुकान उघडं ठेव. शिंप्याला सांग की घरातलं आजारी माणूस उठलं.

माझा राग गेलेला नाही. त्याला बरोबर घेऊनच येतेय. आम्हा दोघांची सोय कर.

तुझी,
ताई